रिपोर्ट निगेटिव्ह आला, भीती गेली नाही

पहिल्या रिपोर्टवर ०.०९ असा आकडा होता, दुसऱ्यावर ०.१४. दोन्हींपुढे ठळक अक्षरांत 'नॉन-रिॲक्टिव्ह'. खाली बारीक टायपात खुलासा, की १.०० च्या आत काहीही आलं तरी ते निगेटिव्ह. मी एका सहकारी बँकेत क्लिअरिंगला बसते, दिवसभर आकडेच बघते. पण लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाईलवर ती पीडीएफ उघडली, तेव्हा मला त्या दोन आकड्यांत फक्त वाढ दिसली. काही आठवड्यांत दीडपट. याच वेगाने गेलं तर दिवाळीपर्यंत एकच्या वर. कांजूरला उतरायचं होतं, भांडुप आल्यावर भानावर आले.

एचआयव्हीची टेस्ट निगेटिव्ह येऊनही ज्यांचा जीव थाऱ्यावर येत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला वाटायचं अशी मी एकटीच. नंतर डॉक्टरांकडून कळलं की बरीच असतात, फक्त बोलत नाहीत. बोलायचं तर आधी 'पण मुळात तुला टेस्ट करायची वेळ का आली?' याचं उत्तर द्यावं लागतं.

माझं उत्तर थोडक्यात देते. माझं एकाशी नातं होतं. त्याचं लग्न ठरल्याचं मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं, आणि त्याच बोलण्यात हेही कळलं की इतक्या दिवसांत त्याच्या आयुष्यात मी एकटी नव्हते. शेवटी शेवटी एकदा आम्ही कंडोमशिवाय जवळ आलो होतो. याबद्दल मला इथे कुणाला सफाई द्यायची नाही. तिशी ओलांडलेल्या, लग्न न झालेल्या बाईने आईबाबांच्या घरात राहून हे सगळं कसं जमवलं, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांना मुंबई माहीत नाही.

हे कळलं तेव्हा ७२ तास केव्हाच उलटून गेले होते. संसर्गाची दाट शक्यता असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरी सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या सुरू करता येतात, त्या २८ दिवस घ्यायच्या असतात. जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. मला तेव्हा अशा गोळ्या असतात हेही ठाऊक नव्हतं. तुम्ही आत्ता त्या ७२ तासांत असाल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरकडे जा.

मग जुलैत ताप आला. जुलैत मुंबईत ताप कुणाला येत नाही? आमच्या विभागात आलटून पालटून तीनजण आजारी होते. डॉक्टरांनी मलेरिया, डेंग्यू बघायला सांगितलं, दोन्ही निघालं नाही, 'व्हायरल आहे' म्हणाले. तो शब्द ऐकला आणि मी रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन बसले. एचआयव्हीचा संसर्ग झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी काहींना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठतं, मानेतल्या गाठी सुजतात. माझा घसा दुखत होता. पाठीवर पुरळ होतं. दर पावसाळ्यात येणारं घामोळंच, पण तेव्हा ते पुरळ झालं. मानेला गाठ लागत नव्हती, म्हणून लागेपर्यंत दाबत बसले. या यादीत बसणार नाही असा माणूस पावसाळ्यात दादर ते ठाण्यापर्यंत सापडणार नाही, हे मला कुणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं. अर्थात सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही.

ही भीती नुसती त्या रात्रीची नव्हती. २००२-०३ च्या सुमाराला मी शाळेत होते. स्टेशनांवर, बसवर मोठमोठे बोर्ड लागले होते : 'बलबीर पाशा को एड्स होगा क्या?' त्या बलबीरला कुणी कधी पाहिलं नाही, पण अख्ख्या मुंबईला त्याचं नाव पाठ झालं. वर्गातली मुलं एकमेकांना त्यावरून चिडवायची. आमच्या तेव्हाच्या चाळीत खालच्या मजल्यावर एक काका वारले, तेव्हा मोठी माणसं आवाज खाली करून 'तसला आजार' म्हणाली, आणि आईने त्यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही असं बजावलं. आई काही वाईट बाई नाही. तिला जे माहीत होतं ते तिने मला दिलं. मी पुढे शिकले, एचआयव्ही पाण्यातून, ताटातून, मिठीतून पसरत नाही हे मला चांगलं माहीत होतं. पण रात्री दोन वाजता माहीत असलेलं काही कामाला येत नाही.

आमच्या घरचे डॉक्टर बाबांचे मित्र. त्यांच्याकडे जाणं शक्यच नव्हतं. घरी माणूस बोलावून रक्त देणंही नाही. वन बीएचकेत कुठे बसवणार त्याला? म्हणून दादरच्या एका खासगी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत गेले. त्यांनी चौथ्या पिढीची टेस्ट केली. ही टेस्ट दोन गोष्टी शोधते : विषाणूचा स्वतःचा पी-२४ नावाचा प्रथिनाचा तुकडा, आणि त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं. पी-२४ आधी दिसतो, प्रतिपिंडं मागून येतात, त्यामुळे ही टेस्ट नुसत्या प्रतिपिंडांच्या टेस्टपेक्षा लवकर उत्तर देते. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली असेल तर संबंधानंतर ४५ दिवसांनी आलेला निगेटिव्ह पक्का धरतात. बोटातून थेंब घेऊन करतात त्या साध्या रॅपिड टेस्टला ९० दिवसांपर्यंत थांबायला सांगतात. पहिली टेस्ट मी त्या ४५ दिवसांच्या आत केली होती, ती ०.०९ वाली. निगेटिव्ह, पण पुन्हा करा म्हणाले, ते बरोबरच होतं. दुसरी ४५ दिवस उलटल्यावर. तीही निगेटिव्ह. इथे गोष्ट संपायला हवी होती.

तो ०.१४ काय आहे हे लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मला फोनवर नीट समजावलं. मशीन नमुन्यातून येणारा प्रकाश मोजतं आणि किटच्या ठरलेल्या मर्यादेने त्याला भागतं. विषाणूचा मागमूस नसलेल्या रक्तातूनही थोडा प्रकाश येतोच, आणि तो किटच्या बॅचनुसार, दिवसानुसार थोडा कमीजास्त होतो. एकच्या खाली किती खाली, याला काही अर्थ नसतो. मी त्यांचे आभार मानले. फोन ठेवला. तास-दीड तास इतकं हलकं वाटलं की बँकेच्या कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला. चारच्या सुमाराला मनात आलं, की त्यांनी माझाच रिपोर्ट उघडून बघितला होता ना?

पुढचे काही महिने असेच गेले. प्रत्येक उत्तराला एक 'पण' फुटायचा. टेस्ट बरोबर, पण नमुना बदलला असेल तर? नमुना माझाच, पण माझ्या शरीराने प्रतिपिंडं बनवलीच नसतील तर? कुठल्यातरी जुन्या पानावर सहा महिने थांबायला सांगितलेलं सापडलं. एचआयव्हीची एलायझा, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी टेस्ट, १९८५ साली आली. त्या सुरुवातीच्या किट्सना संसर्ग पकडायला आजच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागायचा, आणि तेव्हाचा सावध सल्ला अजून ठिकठिकाणी तसाच पडून आहे. हे मला कळत होतं. तरी मी कॅलेंडरवर सहा महिन्यांची तारीख लिहिली, 'एलआयसी हप्ता' असं नाव देऊन, म्हणजे आईने वाचलं तरी प्रश्न नको.

लॅबच्या कॉल सेंटरबद्दल मात्र माझा राग आहे. शंका घेऊन फोन केला की पॅथॉलॉजिस्ट दरवेळी मिळत नसत, आणि पलीकडचा मुलगा शांतपणे आणखी महाग टेस्ट सुचवायचा. आरएनए पीसीआर करून घ्या मॅडम, मनाची शांती होईल. थेट विषाणूचा अंश शोधणारी ती टेस्ट अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत उपयोगाची आहे. ४५ दिवसांनंतरची चौथ्या पिढीची टेस्ट निगेटिव्ह असताना मला तिची काडीची गरज नव्हती. मी केली. हजारो रुपये गेले, शांती दोन दिवस टिकली.

मी आकडेमोडही केली. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के. जोडीदाराला संसर्ग असलाच आणि तो उपचारांवर नसला, तरी कंडोमशिवायच्या एका योनीसंबंधातून बाईला लागण होण्याची शक्यता दहा हजारांत आठच्या आसपास धरतात. दोन्हींचा गुणाकार केला, जवळजवळ सव्वासहा लाखांत एक. तो काही सरासरी माणूस नव्हता, म्हणून त्याचा धोका दहापट धरला. तरी बासष्ट हजारांत एक. आणि हे टेस्ट करायच्या आधीचं. वर निगेटिव्ह रिपोर्ट. स्लिपच्या पाठीमागे केलेलं ते गणित मी कित्येक दिवस पर्समध्ये बाळगलं. त्याने काय झालं? तो एक मीच असले तर, एवढंच झालं. आपल्या गल्लीत लॉटरी कुणाला लागत नाही, पण आजार लागताना मात्र तिकीट आपलंच निघणार, अशी काहीशी माझी खात्री होती.

घरी हे सगळं कुणाला कळलं नाही असं मी समजत होते. टॉवेल वेगळा केला, नेलकटर पर्समध्ये ठेवायला लागले. मेडिकलबाहेरच्या काट्यावर येताजाता वजन करायचे. बाथरूममध्ये मोबाईलचा टॉर्च लावून जीभ बघायचे, पांढरी दिसते का. आणि मान. मानेच्या गाठी इतक्या दाबल्या की तिथे खरंच दुखायला लागलं, आणि दुखतं म्हणजे सूज आहे म्हणून आणखी दाबल्या. ताईची मुलगी चार वर्षांची, रविवारी आली की माझ्याच ताटात जेवणार. एका रविवारी तिने माझ्या वाटीत बोट बुडवून बासुंदी चाटली आणि मी वाटी अशी झटकन ओढली की पोरगी रडायलाच लागली. आईने मला झापलं. ताई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. रात्री तिचा मेसेज आला : काय झालंय ते मला सांग, नाहीतर मी उद्या बँकेत येते.

सांगितलं. ती पहिल्यांदा म्हणाली, 'तो हलकट.' मग म्हणाली, 'सरकारी दवाखान्यात जाऊ या. तिथे फुकट असते टेस्ट, आणि ते लोक रोज हेच करतात.'

तिचं खरं होतं. पालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांत आयसीटीसी असतं, एकात्मिक समुपदेशन आणि चाचणी केंद्र. टेस्ट मोफत, आधी समुपदेशन, नंतरही समुपदेशन. मुंबईत हे काम मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्थेकडे आहे, वडाळ्याला त्यांचं ऑफिस. जवळचं केंद्र कुठे आहे ते १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं. मी घरापासून लांबचं रुग्णालय निवडलं. बाकावर बसलेल्या बहुतेक बायका गरोदर होत्या, कारण गरोदरपणात ही टेस्ट सगळ्यांचीच करतात. वॉर्डातल्या मावशी नंबर लावता लावता मला म्हणाल्या, 'कितवा महिना गं?' मी काहीच बोलले नाही, तेव्हा माझ्याकडे एकदा बघून त्यांनी पुढचीला विचारलं. त्या दिवसभरातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच होती. बाकी सगळं सोपं गेलं.

आतल्या समुपदेशक बाई पन्नाशीच्या. टेबलावर कंडोम दाखवायचं लाकडी मॉडेल, मागे भिंतीला तक्ते, बाजूला सीएफएल दिव्याखाली फायलींचे गठ्ठे. त्यांनी काय झालं ते विचारलं, का झालं ते विचारलं नाही. माझी लेखी संमती घेतली. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, हे त्यांनी सही करताना सांगितलं. टेस्ट झाली, त्याच दिवशी उत्तर मिळालं. निगेटिव्ह. तीन महिने उलटलेले होते, म्हणजे रॅपिड टेस्टलाही हा काळ पुरेसा होता.

'पॉझिटिव्ह सांगायच्या आधी आम्ही वेगवेगळ्या तीन टेस्ट करतो,' बाई म्हणाल्या. 'निगेटिव्हला एकच पुरते. का माहितीये? कारण पहिली टेस्ट निवडतानाच अशी निवडलेली असते की तिच्या नजरेतून सहसा काही सुटू नये. ती कधी उगाच कुणावर बोट दाखवेल, पण खरं असलेलं सोडणार नाही.' हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. छान वाटलं. आणि मी पुन्हा गेले. मग पुन्हा.

शेवटच्या वेळी त्यांनी रजिस्टर उघडलंच नाही.

'तुमची टेस्ट मी आज लिहून घेणार नाही,' त्या म्हणाल्या. 'नवीन काही झालंय का? संबंध, सुई, काही?'

'नाही.'

'मग नवीन काय निघणार? ताई, वाईट वाटून घेऊ नका. इथून पॉझिटिव्ह माणसं रोज जातात. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधाची गोळी घेतात आणि सीएसएमटीची गाडी पकडून कामावर जातात. तुम्ही निगेटिव्ह आहात आणि गेल्या महिन्यात किती रजा काढल्यात?'

मला राग आला. बाहेर येऊन बाकावर बसले तोवर तो ताईला फोन करण्याइतका वाढला होता. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. २००४ पासून आपल्याकडे ही औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, सुरुवातीच्या केंद्रांत आपलं जे. जे. होतं. नियमित गोळी घेऊन ज्यांच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही, त्यांच्याकडून संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. मी ज्याला घाबरत होते तो आजार बलबीर पाशाच्या काळातला होता. आणि खरं सांगायचं तर तोही नव्हता. समजा त्या आजाराचं नावच जगातून पुसलं गेलं असतं, तर मी कॅन्सर शोधला असता.

बाईंनी जाताना त्याच रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीची चिठ्ठी दिली होती. ती चिठ्ठी बरेच दिवस तशीच राहिली. मला वेड लागलेलं नव्हतं, मला एचआयव्ही होता की नव्हता एवढंच कळायला हवं होतं. शेवटी ताई रजा टाकून आली आणि मला घेऊन गेली.

ओपीडीत प्रचंड गर्दी. डॉक्टर तरुण होते, माझ्यापेक्षा लहानच असावेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'गाठ नाही याची खात्री तुम्ही दिवसातून किती वेळा करता?' मी अंदाजाने आकडा सांगितला. 'आणि झाली का?' मी गप्प. त्यांनी आरोग्याची अतिचिंता असा शब्द वापरला, त्यात ओसीडीची, म्हणजे तोच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराची छटा आहे म्हणाले. एक गोळी सुरू केली. पहिले काही दिवस बेचैनी वाढू शकते, गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, मध्येच बंद करायची नाही, हे त्यांनी नीट सांगितलं म्हणून मी टिकले, कारण पहिल्या आठवड्यात हात खरंच थरथरत होते. आणि हाताच्या थरथरीवरून मी काय शोधलं असेल ते सांगायला नको.

खरं काम मानसशास्त्रज्ञ बाईंच्या खोलीत झालं. मला वाटलं होतं त्या माझी समजूत घालतील. त्यांनी समजूत घालायचं साफ नाकारलं. 'तुम्हाला काही झालेलं नाही असं मी एकदाही म्हणणार नाही,' पहिल्याच भेटीत म्हणाल्या. 'ते तुम्हाला आतापर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. ते ऐकलं की तुम्हाला तासभर बरं वाटतं, आणि तो तास संपला की मन पुन्हा तेच मागतं. आपण तो तास बंद करायचा.'

त्यांनी माझ्याकडून यादी करून घेतली, काय काय तपासते त्याची, सोप्याकडून अवघडाकडे. सोप्यात वजनकाटा होता. मधे टॉर्च आणि जीभ. त्यावर मोबाईलवर शोधणं, मग मान, आणि सगळ्यात वर : मनात शंका आलेली असताना कुणालाही काहीही न विचारणं. मान लगेच सोडता येईना, म्हणून आधी नुसतं लांबवायचं ठरलं. हात गेला की थांबायचं, घड्याळ बघायचं, दहा मिनिटांनी ठरवायचं. दहा मिनिटांनी बऱ्याचदा हात जायचाच. पण कधी कधी नाही. भीतीला शंभरपैकी मार्क द्यायचे आणि वहीत लिहायचे. मार्क ८५ असले तरी बसून राहायचं, आणि काहीही न करता ते आपोआप ६० वर, ४० वर येताना बघायचं. काहीही न तपासता भीती खाली येते, हे मला अक्षरशः माहीतच नव्हतं. तोवर मी तिला तेवढा वेळच दिला नव्हता.

मग त्यांनी एक वाक्य लिहायला सांगितलं : 'मला एचआयव्ही असू शकतो, आणि ते मला कधीही शंभर टक्के कळणार नाही.' रोज, हाताने, पानभर. ते ऐकून मी उठूनच जाणार होते. इतके पैसे, इतके रिपोर्ट, आणि आता हे? घरी लिहिणं शक्य नव्हतं म्हणून बँकेत लवकर जाऊन स्टोअररूममध्ये लिहायचे, जुन्या पे-इन स्लिपांच्या पाठीमागे, आणि नंतर श्रेडरला लावायचे. सुरुवातीला पोटात गोळा यायचा. काही आठवड्यांनी लिहिता लिहिता मी आज डब्यात काय आणलंय याचा विचार करत होते. ते बाईंना सांगितलं तर त्या पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

सगळ्यात जास्त त्रास ताईला झाला. तिला सांगितलं होतं, की मी 'मला काही नसेल ना गं?' विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. तिने रागवायचं नाही, समजावायचं नाही, इतकंच म्हणायचं : 'हा प्रश्न आपण सोडून द्यायचा ठरवलाय.' सख्खी बहीण रडतेय आणि दोन शब्द बोलले की तिला बरं वाटेल हे माहीत असताना गप्प बसायचं. एका रात्री मी फोनवर तिला चक्क शिव्या दिल्या. ती काही बोलली नाही, फोनही ठेवला नाही. मागे भावोजींचा टीव्ही ऐकू येत होता. खूप वेळाने म्हणाली, 'उद्या पोरीला डब्यात काय देऊ?' आम्ही मग भेंडीवर बोललो.

या काळात बँकेत रक्तदान शिबिर झालं. रक्तपेढीत दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गरमी (सिफिलिस) आणि मलेरियासाठी तपासणी होते, हे मला पाठ होतं. कुणाला न सांगता फुकटची टेस्ट. फॉर्म हातात घेतला होता. मग बाईंचा आवाज कानात आला आणि मी फॉर्म परत ठेवला. स्वतःची टेस्ट करून घ्यायला रक्तदान करणं हे तसंही चुकीचंच. अगदी ताजा संसर्ग कुठल्याही टेस्टमधून निसटू शकतो आणि ती पिशवी दुसऱ्याच्या शिरेत जाते. सहकारी म्हणाला, 'काय, घाबरलीस सुईला?' मी हो म्हटलं.

मला वाटायचं, आधी रिपोर्टवर विश्वास बसेल, आणि मग मी तपासणं थांबवेन. उलट झालं. तपासणं आधी थांबलं, भीती तशीच असताना, आणि विश्वास पुष्कळ मागून आला. आला तोही वाजतगाजत नाही. एक दिवस ट्रेनमध्ये आठवलं, की सकाळपासून हा विषय मनात आलाच नव्हता. कॅलेंडरवरचा 'एलआयसी हप्ता' येऊन गेला होता. मी त्या दिवशी पुण्याला लग्नात होते.

तुम्ही यातून जात असाल तर एक गोष्ट. टेस्ट करूच नका असं माझं म्हणणं मुळीच नाही. धोका घडला असेल तर टेस्ट करा, योग्य वेळेनंतर करा, सोबत गरमी आणि कावीळ बी यांचीही करून घ्या, कारण एचआयव्हीच्या धाकात बाकीची विसरली जातात. पण वेळ उलटल्यानंतरचा निगेटिव्ह हातात असताना पुढच्या टेस्टचा फोन लावाल, त्याऐवजी १४४१६ लावा. ती टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी मोफत हेल्पलाइन. मराठीत बोलतात. मी रात्री एकदा लावला होता, पलीकडच्या मुलीने माझ्या पीडीएफमधला आकडा विचारला नाही, झोप किती होते ते विचारलं.

रिपोर्ट मी मोबाईलमधून काढून टाकले. एक छापील प्रत ताईकडे तिच्या लॉकरमध्ये आहे, ती मागायची नाही असं ठरलंय. भाची पुन्हा माझ्या ताटात जेवते, आणि भेंडी माझ्या बाजूला सरकवते. गोळी चालू आहे. मागच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारलं, आता बंद करू या का? ते म्हणाले, घाई नको, बँकेचं वर्षअखेरचं काम होऊ दे, मग हळूहळू कमी करू. मार्चमध्ये आमच्याकडे कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, तेव्हा त्यांचं बरोबर आहे.